चिंचेच्या लाकडाची तंबोऱ्याची खुंटी हाताने घडवता येईल का?

प्रश्न (फोंडा): आमच्याकडे वडिलांचा मिरजेचा तंबोरा आहे. गेल्या पावसाळ्यात खर्जाच्या तारेची खुंटी फुगून भोकात घट्ट बसली आणि मी जोर लावताच मुठीजवळ पिळवटून तुटली. उरलेल्या तीन शिसवी आहेत. अंगणातील जुन्या चिंचेची वादळात पडलेली मांडीएवढी फांदी चार वर्षांपासून माळ्यावर आहे. तिचा गाभा जांभळट तपकिरी आणि अत्यंत कठीण आहे. त्याच झाडाच्या सावलीत वडील रियाजाला बसत, म्हणून हेच लाकूड वापरावे असे मनापासून वाटते. माझ्याकडे पटाशी, चाकू आणि कानस एवढीच हत्यारे आहेत.

उत्तर (कुंकळ्ळी): अवश्य घडवा. ज्या लाकडाचे मुसळ आणि तेलघाण्याचे भाग करीत, ते खुंटीला कमी पडणार नाही. अडचण आहे ती चिंचेच्या पिळदार रेषांची: पटाशी एका बाजूने गुळगुळीत चालते आणि बोटभर पुढे गेल्यावर ढलपी उपटते. म्हणून रेषा लांबीला सरळ धावतात असाच तुकडा निवडा, फांदीचा अगदी मधला कणा आणि सालीकडचे फिकट लाकूड दोन्ही टाळा, कारण कण्यातून चीर जाते आणि फिकट लाकडाला कीड लागते. आमच्या गावचे चितारी, म्हणजे लाकूड कांतणारे कारागीर, असा तुकडा पाहता पाहता कांतून देतील. पण हातानेही गोलाई साधते. आधी चौकोनी कांडी करा, मग कोपरे मारून अष्टकोनी, मग सोळा बाजूंची, आणि त्यानंतरच कानस लावा.

उत्तर (मडगाव): मी व्हायोलिनची दुरुस्ती करतो. तिथे खुंटीचा निमुळतेपणा ३० मिलिमीटर लांबीत १ मिलिमीटर असतो. तंबोऱ्याला हे माप लावू नका, तुटलेल्या खुंटीवरूनच माप घ्या. नवी खुंटी भोकात घालून दोन-तीनदा फिरवा, बाहेर काढा आणि उजेडात धरा: जिथे चकाकी आली असेल तिथेच ती टेकते. तेवढाच भाग हलक्या हाताने घासा आणि चकाकीचा पट्टा भोकाच्या दोन्ही कडांशी सभोवार सारखा उमटेपर्यंत हेच करीत राहा. लाकूड वाढीच्या वलयांच्या दिशेने आटते ते वलयांना आडव्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट, त्यामुळे गोल खुंटी ऋतू बदलला की किंचित लंबगोल होते. म्हणून ओबडधोबड कांडी तंबोऱ्याच्याच खोलीत काही आठवडे ठेवा आणि अखेरचे घासणे त्यानंतर करा. पुढच्या पावसाळ्यात तारा सैल करून खुंट्या थोड्या बाहेर ओढून ठेवाव्यात, आणि एरवी घसरू लागल्या तर खडूची पूड लावावी.

तारेचे भोक मात्र सर्वांत शेवटी पाडा, कारण घासता घासता खुंटी आत सरकते.

प्रश्नकर्ता: तुकडा उभा चिरला. एका बाजूला केसाएवढी चीर निघाली, दुसरी बाजू निर्दोष आहे. त्यातून दोन कांड्या निघतील. पहिली सरावासाठी ठेवतो.