पेडर रोडची कांचनजंगा: बाहेरून बघायची तर काय बघू?

सांगलीची_मुलगी
आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या आठवड्यात मुंबईत मावशीकडे येतेय. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची कांचनजंगा बिल्डिंग अभ्यासाला आहे, पण फोटोत मला पांढरा ठोकळा आणि कोपऱ्यातली भोकं एवढंच दिसतं. वॉचमन आत सोडतो का? आणि एवढं काय आहे त्यात?

टिपणवही
लोकांची राहती घरं आहेत, ओळखीशिवाय आत जायचा विचारही करू नकोस. समोरच्या फुटपाथवरून बघ. मॅपवर डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग दिसला तर गोंधळू नकोस, तोच पेडर रोड.

गवालिया_टँकवाला
माझं लहानपण गवालिया टँकच्या चाळीत गेलं, ही बिल्डिंग उभी राहताना बघितलीय. आधी नुसता मधला काँक्रीटचा गाभाच वर चढत गेला. आजी म्हणायची, गिरणीचं धुराडं बांधतायत. पेडर रोडवर कुठली आलीय गिरणी! तो लिफ्टचा गाभा होता. स्लिपफॉर्म पद्धतीने, म्हणजे काँक्रीटचा साचा वर वर सरकवत, आधी तो उभा केला आणि मग त्याच्याभोवती मजले. १९८३ साली पूर्ण झाली. २८ मजले आणि घरं मात्र फक्त ३२. यावरून एकेक घर केवढं असेल बघ.

आता तुझी ‘भोकं’. मुंबईत वारा पश्चिमेचा, समुद्रही तिकडेच, म्हणून घराचं तोंड तिकडे हवं. पण संध्याकाळचं ऊन तिकडूनच आणि जूनचा झोडपणारा पाऊसही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर भोवती व्हरांडा काढला, आमच्या चाळीने गॅलरी. जूनमध्ये आजी गॅलरीला ताडपत्री बांधायची. गॅलरी भिजायची, पण खोलीतल्या गाद्या कोरड्या. कोरियांनी तोच व्हरांडा दुमजली उंचीचा केला, कोपऱ्यात बसवला आणि आकाशात एकावर एक चढवला. तुझी ‘भोकं’ म्हणजे याच कोपऱ्यातल्या गच्च्या. त्यांच्याखाली खांब शोध, सापडायचा नाही. ६.३ मीटर स्लॅब अधांतरी बाहेर काढलाय.

पुस्तकातला प्लॅन पाठ करून येऊ नकोस, आधी त्या गच्च्या बघ. जमलं तर चारच्या पुढे जा, ऊन तिरकं झालं की त्या किती खोल आहेत ते कळतं.

पूल_आणि_पिलर
काकांनी सगळं सांगितलंच. माझी थोडी भर: प्लॅन २१ मीटरचा चौरस, उंची ८४, म्हणजे बरोब्बर एकास चार. डिझाइनमध्ये कोरियांबरोबर प्रवीणा मेहता होत्या आणि स्ट्रक्चर इंजिनिअर शिरीष पटेलांचं. याच तिघांनी साठच्या दशकात खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पना मांडली, तीच पुढे नवी मुंबई झाली. येताना केम्प्स कॉर्नरचा फ्लायओव्हर लागेल, १९६५ चा, तोही पटेलांचाच. आमच्या धंद्यातला माणूस आधी तो बघतो :)

सांगलीची_मुलगी
थँक्यू सगळ्यांना! आमच्या सांगलीच्या वाड्याच्या सोप्यात पण पावसाचं असंच असतं, डोक्यातच आलं नव्हतं. काका, तुमची चाळ आहे का अजून?

गवालिया_टँकवाला
आहे की. गॅलरीला सगळ्यांनी स्लायडिंगच्या काचा लावून घेतल्यात, खोली वाढली म्हणून खूश. आमच्या घरात आता दुपारी बारालाही ट्यूब लावावी लागते.