इब्राहिम अल्काझी : दिग्दर्शकाने स्वतःचे नेपथ्य स्वतःच करावे का? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

तिसरी घंटा :

नाट्यदिग्दर्शक अल्काझींवर आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा त्यांच्या शिस्तीवर आणि शिष्यांवर असते. १९२५ साली पुण्यात जन्म, सौदी वडिलांचा व्यापार, घरात अरबी आणि बाहेर मराठी-गुजराती, मुंबईत सुलतान पदमसींचा थिएटर ग्रुप, लंडनची राडा ही नाट्यसंस्था, १९६२ ते १९७७ या काळात राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालकपद, आणि त्यानंतर शिष्यांची नामावळी. या नामावळीत एक गोष्ट मागे पडते. हा दिग्दर्शक चित्रकारही होता आणि आपल्या नाटकांचे नेपथ्य बहुतांशी स्वतःच रचत असे. त्यांच्या यशाचे मूळ मला यातच दिसते, आणि त्यांच्या मर्यादेचेही.

१९६३ साली त्यांनी धर्मवीर भारतींचे 'अंधा युग' दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्याच्या भग्न भिंतींसमोर केले. पुढे गिरीश कार्नाडांचे 'तुघलक' पुराना किल्ल्यात केले. या दोन्ही प्रयोगांची ख्याती मी नाकारत नाही. मात्र जरा तारखा पाहा. कोटला चौदाव्या शतकातला, खुद्द तुघलक घराण्याने बांधलेला. पुराना किल्ला हुमायून आणि शेरशाहाच्या काळचा, म्हणजे सोळाव्या शतकातला. महाभारतावरचे नाटक तुघलकांच्या किल्ल्यात आणि तुघलकावरचे नाटक त्यानंतर दोनशे वर्षांनी उभ्या राहिलेल्या किल्ल्यात! याचा अर्थ त्या दगडांचा इतिहास दिग्दर्शकाला नको होता, त्यांचा आकार हवा होता. हा निर्णय चित्रकाराचा आहे. आणि चित्रकार जेव्हा दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसतो, तेव्हा नट हा चित्रातला एक रंग होऊन बसण्याचा धोका असतो.

मराठी रंगभूमीवर नेपथ्यकार वेगळा असण्याची जी रीत आहे, ती म्हणूनच मला शहाणपणाची वाटते. दिग्दर्शकाशी वाद घालणारे कोणीतरी तालमीत असावे लागते.

कोपऱ्यातली खुर्ची :

तारखांचा मुद्दा चतुर आहे, पण त्यातून आपण काढलेला निष्कर्ष मान्य करता येत नाही. 'अंधा युग' हे युद्ध संपल्यानंतरच्या राखेचे नाटक आहे. ते १९६३ मध्ये, म्हणजे चीनच्या युद्धाला वर्ष होत असताना, राजधानीत, पंडित नेहरूंच्या उपस्थितीत झाले. अशा वेळी भिंत कोणी बांधली यापेक्षा ती पडलेली आहे, हे अधिक बोलते. पुराना किल्ल्याचेही तसेच. १९४७ मध्ये तिथे निर्वासितांची छावणी होती. सुलतानाच्या लहरीपायी अख्खी दिल्ली दौलताबादेला निघते, हा प्रसंग त्याच आवारात पाहणाऱ्या दिल्लीकराला शेरशाहाचा काळ आठवला असेल की स्वतःचे सामानसुमान? इतिहास तिथे होताच. तो पुरातत्त्व खात्याच्या पाटीवरचा नव्हता, इतकेच.

शिवाय आपण एक गोष्ट सोडून दिलीत. १९७४ मध्ये अल्काझींनी 'अंधा युग' पुन्हा केले, ते पुराना किल्ल्यात, जिथे पांडवांचे इंद्रप्रस्थ होते असे लोक परंपरेने मानतात. तेव्हा जागेचा अर्थ त्यांना कळत नव्हता असे म्हणणे धाडसाचे आहे.

आणि नट हा चित्रातला रंग? मनोहर सिंह यांचा तुघलक, सुरेखा सिक्री, आपल्या उत्तरा बावकर, रोहिणी हट्टंगडी, ओम पुरी, नसीरुद्दीन शाह. नटाला गिळून टाकणाऱ्या गुरूच्या हाताखालून इतके नट तयार होत नाहीत.

दौऱ्यावरचा :

मी अनेक वर्षे व्यावसायिक नाटकांच्या सेटबरोबर फिरलो आहे, त्यामुळे माझा मुद्दा दोघांपेक्षा वेगळा आणि थोडा खालच्या पातळीवरचा, म्हणजे अक्षरशः रंगमंचाच्या फळीवरचा आहे. आमच्याकडे नेपथ्याचा पहिला प्रश्न ते बसमध्ये मावते का, हा असतो. फ्लॅट, म्हणजे सेटची भिंतवजा चौकट, किती फुटांवर दुमडतो, दुपारचा प्रयोग एका गावात आणि रात्रीचा दुसऱ्या गावात असेल तर सेट सोडायला किती वेळ आणि लावायला किती, दरवाजाची चौकट दहाव्या प्रयोगानंतर हलायला लागते ती कुठे ठोकायची, नाट्यगृहाची उंची कमी असेल तर झालर कुठे घ्यायची, हे नेपथ्यकाराच्या डोक्यात पहिल्या रेषेपासून असावे लागते. किल्ला बसच्या टपावर चढत नाही. त्यामुळे अल्काझींचे उदाहरण घेऊन मराठी नाटकाने काय करावे हे ठरवणे मला दोन्ही बाजूंनी निरर्थक वाटते. त्यांच्यामागे सरकारी संस्था होती, आमच्यामागे तिकीट खिडकी आहे.

कोपऱ्यातली खुर्ची :

दौऱ्याचे गणित मान्य, परंतु 'संस्था होती म्हणून' हे पूर्ण खरे नाही. दिल्लीला जाण्यापूर्वी मुंबईत थिएटर युनिट ही नाट्यसंस्था चालवताना त्यांच्याकडे कंबाला हिलवरच्या एका इमारतीची गच्ची होती. ना विंगा, ना दर्शनी पडदा, ना वरून काही उतरवायची सोय. त्या गच्चीवर सत्यदेव दुबेंनी १९६२ मध्ये 'अंधा युग' केले, अल्काझींच्या कोटल्यातल्या प्रयोगाच्या एक वर्ष आधी. चौकटीच्या रंगमंचाबाहेर नाटक उभे करण्याची सवय अल्काझींना तिथे लागली. दिल्लीत जागा मोठी झाली. आपल्याकडे त्या काळी दिवाणखान्याच्या तीन भिंती रंगवणे म्हणजे नेपथ्य, अशी समजूत घट्ट होती. ती सैल करणाऱ्यांत विजयाबाई मेहता आहेत, आणि त्यांनी नाटकाचे धडे अल्काझींकडे घेतले होते. बसमध्ये किल्ला चढला नसेल, ही दृष्टी चढली.

पाचवी रांग :

विजयाबाईंचे नाव आले म्हणून. दिग्दर्शक आणि नेपथ्यकार वेगळे की एक, या वादात आपण सगळे लाकूड आणि दगडच धरून बसलो आहोत. १९७२ च्या डिसेंबरात पुण्यात 'घाशीराम कोतवाल' आले. जब्बार पटेलांनी त्यात माणसांचीच भिंत उभी केली. ती भिंत वळते, झुलते, उघडते, आणि तिच्या आड काय चालले आहे ते दिसते आणि दिसतही नाही. हे नेपथ्य आहे की दिग्दर्शन आहे की कृष्णदेव मुळगुंदांचे नृत्य आहे, ते कोणी वेगळे करून दाखवावे. हबीब तन्वीरही राडात शिकायला गेले होते, आणि परत येऊन त्यांनी छत्तीसगडी कलावंतांबरोबर जवळजवळ उघड्या मंचावर 'चरणदास चोर' केले. एकाच शाळेच्या वाटेने गेलेली ही दोन माणसे इतक्या वेगळ्या ठिकाणी पोहोचली. मला स्वतःला तन्वीरांचा मार्ग अधिक आपला वाटतो, पण त्यासाठी अल्काझींना परके ठरवण्याची गरज वाटत नाही.

तिसरी घंटा :

पाचवी रांग यांनी दिलेले 'घाशीराम'चे उदाहरण माझ्याच बाजूने जाते असे मला वाटते. तिथे नट हाच सेट आहे, म्हणजे नटाला वगळून चित्र काढणे शक्यच नाही. अल्काझींच्या बाबतीत माझी शंका नेमकी याच्या उलट टोकाची आहे : नट येण्यापूर्वीच चित्र पूर्ण झालेले असते. शिष्य मोठे झाले हा पुरावा मी अर्धाच मानतो. ते विद्यालयात शरीर आणि आवाज घडवण्याचे जे कठोर शिक्षण मिळाले त्यामुळे मोठे झाले. त्याचे श्रेय संचालक अल्काझींचे आहे, नेपथ्यकार अल्काझींचे नव्हे.

कोपऱ्यातली खुर्ची :

आपण माणसाचे दोन तुकडे करीत आहात. विद्यालयात विद्यार्थ्याला अभिनयाबरोबर सुतारकाम, प्रकाश, वेशभूषा हे सगळे हाताने करावे लागे, ते याच धारणेतून. ज्याने पायरी ठोकली आहे त्याला तिच्यावर उभे राहणे शिकवावे लागत नाही. आणि अल्काझी सगळे एकहाती करीत, हा समजही तपासून घ्या. वेशभूषा रोशन अल्काझींची असे, आणि त्या केवळ पत्नी म्हणून मदत करणाऱ्या नव्हत्या. प्राचीन भारतीय वेशभूषेवर त्यांनी ग्रंथ लिहिला आहे. म्हणजे वाद घालणारे माणूस तालमीत होते. ते घरातलेही होते, त्यामुळे वाद जरा जास्तच झाले असतील.

तिसरी घंटा :

रोशनबाईंचा मुद्दा मान्य. तो मी विचारात घ्यायला हवा होता.

माझे मत कुठून आले तेही सांगतो, म्हणजे ते अल्काझींवरच्या रागातून आले आहे असा समज होणार नाही. राज्य नाट्य स्पर्धेसाठी एक ऐतिहासिक नाटक बसवताना मी दिग्दर्शनाबरोबर नेपथ्यही अंगावर घेतले होते. मागे एक उंच चौथरा आणि त्याला सात पायऱ्या. प्रेक्षागृहातून ते चित्र भव्य दिसावे म्हणून प्रत्येक पायरी मी नऊ इंचांची काढली. नायिकेला नऊवारीत, हातात तबक घेऊन, एक लांब वाक्य बोलत त्या चढायच्या होत्या. तिसऱ्या पायरीला वाक्य तुटायचे. पंधरा दिवस मी त्यांना श्वास कुठे घ्यायचा ते शिकवत राहिलो. पायरीकडे मी पाहिलेच नाही, कारण ती मीच काढली होती.

स्पर्धेच्या प्रयोगाला वाक्य अखंड आले. मी विंगेत जाऊन बाईंचे कौतुक केले, तेव्हा त्या हसल्या. आदल्या रात्री त्यांनी सुताराला परस्पर सांगून चौथरा खाली घेतला होता आणि सगळ्या पायऱ्या सहा इंचांच्या करून घेतल्या होत्या. पुढे बसून मला ते कळलेही नव्हते.