द चर्च: कार्यक्रमात कोणती गाणी घ्यावीत, आणि ‘अंडर द मिल्की वे’ वाजवायचं कसं?

नागनदीकाठ
नमस्कार मंडळी. मे महिन्यात नागपूरच्या धरमपेठेत आम्ही काही जण मिळून द चर्च या ऑस्ट्रेलियन बँडवर दीड तासाचा कार्यक्रम करून राहिलो आहोत. सभागृह लहान आहे, एसी आहे. तासभर रेकॉर्डिंग ऐकवायची, मधे मधे थोडं बोलायचं आणि शेवटी दोन गिटार, बास, ड्रम्सवर ‘अंडर द मिल्की वे’ वाजवायचं. बहुतेकांना त्यांचं तेवढं एकच गाणं माहीत असतं. बाकीचं कामही त्याच तोलाचं आहे हे लोकांच्या कानावर पडायला हवं. गाणी कोणती आणि कशा क्रमानं? मधला बॅगपाइपसारखा सोलो कसा काढायचा? आणि बारा तारांचं ॲकुस्टिक गिटार या उन्हात सुरात राहील कसं?

बाराजोड
वर्षांच्या क्रमानं अजिबात जाऊ नका. तसं गेलात की १९८८ चा ‘स्टारफिश’ हा अल्बम (‘अंडर द मिल्की वे’ त्यातलंच) शिखर ठरतो आणि पुढचं सगळं उतरण वाटायला लागतं. माझ्या मते त्यांचं सगळ्यात खोल काम १९९२ चा अल्बम ‘प्रीस्ट=ऑरा’. त्यातलं पहिलंच गाणं ‘ऑरा’ दिवे मंद करून आधी लावा, सुमारे सात मिनिटांचं आहे. मधे थांबवू नका, त्यावर बोलूही नका.

मग मागे जा. १९८० साली सिडनीत स्टीव्ह किल्बी (बास आणि गायन) आणि पीटर कोप्स (गिटार) यांनी बँड उभा केला. त्याच वर्षी इंग्लंडहून आलेला मार्टी विल्सन-पायपर दुसऱ्या गिटारवर आला. इथून ‘द अनगार्डेड मोमेंट’ (१९८१), बॉब क्लिअरमाउंटननं प्रोड्यूस केलेल्या ‘द ब्लर्ड क्रुसेड’मधलं ‘ऑलमोस्ट विथ यू’ (१९८२), ‘हेडे’मधलं ‘मर’ (१९८५). ‘सेआन्स’ अल्बममधलं ‘इलेक्ट्रिक लॅश’ घेणार असाल तर आवाज आधी तपासा. त्यातला स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) मशीनगनसारखा कडकडतो; लहान सभागृहात ३ किलोहर्ट्झच्या आसपासचा तीक्ष्ण आवाज थोडा कमी केला नाही तर पहिल्या रांगेतले लोक कान झाकतील.

मग ‘स्टारफिश’. त्यातून ‘रेप्टाइल’ घ्याच, कारण या बँडची खरी ओळख तिथे उघडी पडते. इथे एक ऱ्हिदम (साथ धरणारी) आणि एक लीड (धून वाजवणारी) गिटार अशी वाटणी नाही. एक गिटार छोटा, टोकदार तुकडा पुन्हा पुन्हा वाजवते, दुसरी त्याच्या फटींमधून लांब सूर ओढते, आणि खाली किल्बीचा बास स्वतःची वेगळी धून धरून चालतो. कार्यक्रमात हे गाणं दोनदा लावा: पहिल्यांदा नुसतं, दुसऱ्यांदा ‘आता फक्त टोकदार गिटारीच्या मागे जा’ असं सांगून. वाद्यवृंदात न वाजवणाऱ्यालाही फरक लगेच कळतो. ‘अंडर द मिल्की वे’ रेकॉर्डिंगमधून लावू नका, ते तुम्ही वाजवणारच आहात.

एक खबरदारी. पहिला अल्बम ऑस्ट्रेलियात ‘ऑफ स्किन्स अँड हार्ट’ नावानं आला, अमेरिकेत तोच ‘द चर्च’ नावानं, गाण्यांची यादी बदलून. प्लेलिस्ट बनवताना हे दोन वेगळे अल्बम समजले जातात. आणि ॲपमधला क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता दुसरं मिसळणं) बंद करा, नाहीतर ‘ऑरा’चा शेवट पुढच्या गाण्याखाली चिरडला जाईल.

तारसप्तक
सोलोबद्दल. स्टेजवर गिटारीतून तो सूर काढायचा तर ईबो घ्या. हातात मावणारं, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं यंत्र आहे. चुंबकीय क्षेत्रानं तार न छेडता कंप पावत ठेवतं. दोन्ही बाजूंच्या खाचा शेजारच्या तारांवर टेकतात आणि मधली तार वाजते, म्हणजे एका वेळी एकच तार. पिकअपच्या (तारेचा कंप टिपणाऱ्या चुंबकाच्या) जवळ नेलं की आवाज एकदम फुगतो. म्हणून आधी नेक पिकअपपासून (गिटारीच्या मानेकडच्या पिकअपपासून) थोडं दूर सुरू करा आणि सुराच्या मधोमध हळूच पिकअपकडे सरकवा. बॅगपाइपचा तो फुगारा तिथून येतो.

चुकतं ते दोन ठिकाणी. एक, ईबोचा सूर उमटायला क्षणभर लागतो. ठोक्यावर तार दाबलीत तर ऐकणाऱ्याला उशीर जाणवतो. बोट किंचित आधी पडलं पाहिजे. दोन, बॅटरी उतरली की यंत्र चालतं पण पातळ तारांवर सूर धरत नाही, आणि दोष गिटारीला दिला जातो. कार्यक्रमाच्या दिवशी नवी बॅटरी घाला. तारा स्टीलच्याच हव्यात, नायलॉनवर काहीच होणार नाही.

ईबो नाहीच मिळाला तर: कम्प्रेसर (आवाजाची चढउतार सपाट करणारा), मग मध्यम ओव्हरड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारा), मग व्हॉल्यूम पेडल, शेवटी डीले (प्रतिध्वनी देणारा), याच क्रमानं. व्हॉल्यूम पेडल बंद ठेवून तार छेडा आणि मग उघडा, म्हणजे छेडल्याचा टक्क आवाज लपतो. डीले तीन-चार पुनरावृत्तींचा, टेम्पोच्या ठोक्याला बांधलेला. व्हॉल्यूम पेडल डीलेच्या नंतर लावलं तर पाय उचलताच प्रतिध्वनीची शेपूटही कापली जाते.

सदर_स्ट्रिंग्ज
बारा तारांचं सांगतो. त्या सहा जोड्यांत असतात. खालच्या चार जोड्यांत (ई, ए, डी, जी) एक तार एक सप्तक वरची असते, वरच्या दोन जोड्या एकाच सुराच्या. तुटते ती बहुतेक वेळा जीची बारीक तार, .००८ किंवा .००९ इंच जाडीची. ती सगळ्यात शेवटी आणि सावकाश चढवा. गिटार पूर्ण एक सूर खाली लावा आणि दुसऱ्या फ्रेटवर (मानेवरच्या पट्टीवर) कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावा. ताण बराच उतरतो, ब्रिज (तारा जिथे फळीला अडकतात तो भाग) उचलला जायची भीती कमी होते आणि गाणं मूळ ए मायनरमध्येच राहतं. कॅपो लावल्यावर प्रत्येक जोडी पुन्हा तपासा: जाड तारेवर रबर जास्त दाबतं, बारीक तार अर्धवट राहून झणझणते. ट्यून करताना जोडीतली एक तार बोटानं दाबून दुसरी एकटी वाजवा.

आता नागपूरचा उन्हाळा. घरी कूलर सुरू असलेल्या खोलीत गिटार ठेवलीत की लाकूड दमट हवा पितं, वरची फळी फुगते, तारा उंच होतात. तीच गिटार तासाभरात एसी सभागृहात आणली की लाकूड सुकायला लागतं आणि थंडीनं तारा आखडून सूर चढतो. कूलर नसलेल्या खोलीत, केसमध्ये ठेवा. ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता बरी. कार्यक्रमाच्या तासभर आधी सभागृहात नेऊन केस किलकिली ठेवा, ट्यूनिंग त्यानंतर. बंद गाडीत उन्हात सोडू नका, ब्रिजचा सरस ढिला पडतो.

बारा तारांची मिळालीच नाही तर दोन साध्या ॲकुस्टिक घ्या. एकीला नेहमीच्या तारा, दुसरीला बारा तारांच्या संचातल्या फक्त बारीक तारा, आणि दोघांनी एकच वाजवायचं. रेकॉर्डिंगच्या जवळ जाणारा आवाज निघतो.

नागनदीकाठ
भरपूर मिळालं, आभार. ‘प्रीस्ट=ऑरा’नंतरचं काही घ्यावं का?

बाराजोड
हो, एक तरी. २००९ च्या ‘अनटायटल्ड #२३’मधलं ‘पँजिया’, नाहीतर २०२३ च्या ‘द हिप्नोगॉग’चं शीर्षकगीत. बोलताना हेही सांगा की २०१० मध्ये त्यांना एआरआयए (ऑस्ट्रेलियातल्या रेकॉर्डिंग कंपन्यांची संघटना) हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, आणि २०१३ मध्ये विल्सन-पायपरच्या जागी पावडरफिंगर या बँडचा इयन हॉग आला. २०२० मध्ये कोप्सही बाहेर पडला, तेव्हापासून मूळ माणसांत एकटा किल्बी आहे. त्यामुळे ‘हिप्नोगॉग’ लावलंत तर ‘रेप्टाइल’च्या आधी लावू नका. जुन्या दोघांची गुंफण कानात बसलेली असेल, तरच नव्यांनी काय ठेवलं आणि काय सोडलं ते ऐकू येतं.