'ऑफ-लेबल' औषधाला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : मनोरुग्ण परिचर्येच्या एका पुस्तिकेत 'ऑफ-लेबल वापर' याला 'अनधिकृत वापर' म्हटले आहे. झोपेसाठी क्वेटियापिन, डिलिरियममध्ये (आजारपणात अचानक येणारा मानसिक गोंधळ) हॅलोपेरिडॉल, केमोच्या उलट्यांवर ओलान्झापिन, अशी तिथली उदाहरणे; तिन्ही मूळची मनोविकारावरची औषधे. शब्द खटकतो. दुसरा सुचवाल का?

प्रतिसाद १ : 'अनधिकृत' नकोच. वाचणाऱ्याला वाटेल, डॉक्टरांनी कायदा मोडला. इथे लेबल म्हणजे बाटलीवरची चिठ्ठी नव्हे. कोणता आजार, कोणते वय, किती मात्रा, कोणता मार्ग, याबद्दल नियामकाने मंजूर केलेला मजकूर म्हणजे लेबल. यातले एक जरी बदलले तरी वापर ऑफ-लेबल ठरतो. अमेरिकेत हॅलोपेरिडॉलचे साधे इंजेक्शन स्नायूत देण्यास मान्यता आहे. तेच शिरेतून दिले की ऑफ-लेबल, आणि तेव्हा ईसीजीवर क्यूटी (हृदयाच्या ठोक्यातला एक विद्युत कालावधी) लांबतो का हे बघावेच लागते. मी 'मान्यताबाह्य' लिहीन.

प्रतिसाद २ : 'मान्यताबाह्य' चालेल, पण मान्यता कोणत्या देशाची हेही लिहा. अल्झायमरमधल्या सततच्या आक्रमकतेसाठी रिस्पेरिडोन (हेही मनोविकारावरचे औषध) ब्रिटनमध्ये जास्तीत जास्त ६ आठवडे मान्य आहे. अमेरिकेत तोच वापर मान्यताबाह्य. शिवाय या औषधाने डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा चौकटीतला इशारा तिथल्या लेबलवर २००५ पासून आहे. आणि या औषधांचा ऑफ-लेबल वापर म्हणजे 'मनोविकार सोडून इतर वापर', असा अर्थ कोणी घेत असेल तर तो चुकीचाच. न थांबणाऱ्या उचकीसाठी क्लोरप्रोमॅझिन अमेरिकेत रीतसर मान्य आहे.

प्रतिसाद ३ : नातेवाइकांशी बोलताना क्वेटियापिनला 'झोपेची गोळी' म्हणतात, ते आधी थांबवा. स्किझोफ्रेनियात दिवसाला साधारण ४०० ते ८०० मिग्रॅ लागते, झोपेसाठी २५-५० देतात, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. झोप लागली नाही की घरचे आणखी एक देतात. मग आजी रात्री लघवीला उठतात, बीपी उतरते, पडतात. ५ मिनिटे आडवे ठेवून बीपी घ्या, मग उभे राहिल्यावर १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर पुढच्या डोसआधी डॉक्टरांना कळवा. घरच्यांना सरळ सांगावे : "हे औषध मुळात दुसऱ्या आजाराचं आहे, तो आजार तुमच्या आईला नाही. डॉक्टरांनी कमी मात्रेत अमुक त्रासासाठी दिलंय. जास्तीची गोळी स्वतःहून देऊ नका." हे आधी सांगितले नाही तर घरी इंटरनेटवर 'स्किझोफ्रेनिया' वाचून गोळी परस्पर बंद होते.

प्रतिसाद ४ : त्या पुस्तिकेत 'बेचैनी' हा शब्दही तपासा. माझ्या मते जास्त धोका तिथेच आहे. ॲजिटेशनलाही बेचैनी आणि अकॅथिसियालाही बेचैनी! अकॅथिसिया औषधानेच होतो, बहुधा सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही दिवसांत. रुग्णाला बसवत नाही, उभ्या उभ्या तो भार या पायावरून त्या पायावर टाकतो, येरझाऱ्या घालतो. नोंदीत नुसते 'पेशंट बेचैन' असेल तर पुढच्या ड्यूटीची सिस्टर एसओएस (गरज पडल्यास द्यायचे) हॅलोपेरिडॉल देते, आणि त्रास वाढतो. वाढला म्हणून आणखी एक. उपाय नेमका उलटा असतो : डॉक्टर मात्रा कमी करतात, औषध बदलतात किंवा प्रोप्रॅनोलॉल देतात.

म्हणून ॲजिटेशनला 'प्रक्षोभ' लिहा. अकॅथिसिया तसाच ठेवा आणि पुढे 'पाय स्वस्थ राहत नाहीत' हे जोडा. एसओएस ऑर्डरपुढेही 'बेचैनीसाठी' नको. 'मारायला धावल्यास', 'सलाइन उपटत असल्यास' असे दिसणारे लक्षण हवे, आणि २४ तासांत जास्तीत जास्त किती मिग्रॅ, तेही.