मांस शेवटी घाला

पास्ता आणि स्टेक (बीफचा जाड काप) एकाच भांड्यात शिजवला, की 'पास्ता छान होतो, पण स्टेक वातड लागतो' अशी तक्रार येते. तुकडे पास्त्याबरोबर दहा-बारा मिनिटं रटरटत राहिले की दुसरं काय होणार! सरलॉइनला, म्हणजे कमरेकडच्या मऊ मांसाला, एवढी शिजवण सोसत नाही. एकाच भांड्यात करायचं म्हणजे सगळं एकाच वेळी ओतायचं असं थोडंच आहे?

आधी स्टेक पेपर टॉवेलने अगदी कोरडा टिपा, नाहीतर तो भाजला न जाता वाफवला जातो. जाड बुडाचं पातेलं चांगलं तापवून अख्खा तुकडा दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा आणि ताटलीत काढून ठेवा. (अमेरिकन कृषी खातं आतलं तापमान ६३ अंश सेल्सिअस आणि मग ३ मिनिटं विश्रांती सांगतं.) त्याच पातेल्यात कांदा-लसूण परता, पाणी घाला आणि बुडाची तपकिरी खरवड लाकडी उलथन्याने सोडवून घ्या. खरी चव तिथेच असते. नॉनस्टिकमध्ये ही मजा नाही.

मग त्याच पाण्यात पेने (नळीसारखा छोटा पास्ता) शिजवा; २५० ग्रॅमला साधारण पाऊण लिटर पाणी लागतं. मधूनमधून ढवळा. पाणी ओतून टाकायचं नाही, त्यातल्या स्टार्चनेच सॉस दाट होतो. चीज गॅस बंद केल्यावर घाला, नाहीतर गुठळ्या होतात. मग स्टेक धाग्यांना आडवा, पातळ कापून ताटलीत सुटलेल्या रसासकट वर घाला.

स्पॅगेटी मात्र यात नको, फार चिकटते.