'अटिपिकल' छातीदुखी: शब्द काढला ते बरं झालं की नाही?

मिरजकर: 2021 मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी छातीदुखीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात 'अटिपिकल चेस्ट पेन', म्हणजे नेहमीच्या नमुन्यात न बसणारी छातीदुखी, असं म्हणू नका असं सांगितलं. त्याऐवजी 'हृदयाचं', 'हृदयाचं असू शकेल' आणि 'हृदयाचं नाही' असे तीन प्रकार. मला हे शंभर टक्के पटतं. केसपेपरवर 'अटिपिकल' दिसलं की पुढचा डॉक्टर 'काही नाही, गॅस' असंच वाचतो. आणि 'टिपिकल' तरी कुणाच्या दुखण्यावरून ठरलं? हेबर्डेन या इंग्रज डॉक्टरने 1768 मध्ये लंडनला अंजायनाचं, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने होणाऱ्या छातीदुखीचं, वर्णन मांडलं. त्याने पाहिलेल्या जवळपास शंभर रुग्णांत बायका फक्त तीन, हे त्यानेच लिहून ठेवलंय.

तालुक्याचा डॉक्टर: साफ असहमत. शब्दाला नेमकी व्याख्या होती. दुखणं छातीच्या मधल्या हाडामागे आहे का? श्रमाने वाढतं का? विश्रांतीने किंवा जिभेखाली ठेवायच्या नायट्रोग्लिसरीनच्या गोळीने काही मिनिटांत थांबतं का? तिन्हींना 'हो' तर टिपिकल, दोनांना तर अटिपिकल. लोकांनी आळसाने शब्द वापरला, यात शब्दाचा काय दोष?

रात्रपाळी: डॉक्टरसाहेब, ते तीन प्रश्न अधूनमधून येणाऱ्या-जाणाऱ्या अंजायनाचे. कॅज्युअल्टीत हृदयविकाराचा झटका घेऊन आलेल्याचं दुखणं विश्रांतीने थांबतच नाही, मग तो तुमच्या हिशोबात नापास! गोळीचंही तसंच, अन्ननलिकेच्या पेटक्यालाही तिने आराम पडतो. मी वॉर्डात काम करते. 'पाठीत भरून आलंय', 'जबडा ओढतोय', 'जीव घाबरा होतोय' असं म्हणत बायका येतात. दरदरून घाम आलेला असतो आणि सोबतचा नवरा सांगतो, पित्ताचा त्रास आहे हिला.

तालुक्याचा डॉक्टर: कॅज्युअल्टीचा मुद्दा मान्य, तिथे ते निकष लावू नयेत. पण बायकांचं सगळंच वेगळं असतं हा नवा गैरसमज पसरवू नका, ताई. झटक्यात बायकांनाही सर्वांत जास्त आढळणारं लक्षण छातीत दुखणं हेच आहे. फक्त जोडीला धाप, मळमळ, थकवा जास्त असतो. माझी अडचण वेगळीच आहे. 'असू शकेल' या प्रकारात माझी अर्धी ओपीडी बसते. सगळ्यांना जिल्ह्याला पाठवू? गाडीभाडं कोण देणार?

मिरजकर: सगळ्यांना पाठवा असं कुणी म्हटलंय? ईसीजी तर तालुक्यालाच निघतो, आल्यापासून 10 मिनिटांत काढायचा.

तालुक्याचा डॉक्टर: काढतोच. पहिला ईसीजी नॉर्मल येऊनही झटका असू शकतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचं दाखवणारी रक्ततपासणी, तीही सुरुवातीला निगेटिव्ह येऊ शकते, काही तासांनी परत करावी लागते. ते काही तास रुग्णाला कुठे बसवू ते सांगा.

रात्रपाळी: बाकावर बसवा, पण घरी पाठवू नका. मधुमेही असेल तर मुळीच नको, त्यांना कधी कधी दुखतच नाही, नुसता दम लागतो. त्या दमाला छातीदुखीच्या तुमच्या तीन प्रश्नांत जागाच नाही.