डाएट कोला, पुडीचा चहा आणि रक्तातली साखर : शून्य म्हणजे शून्यच का?

मोजपट्टी
मधुमेही माणसांच्या घरांतून एक वाक्य वारंवार ऐकू येतं : "डाएट कोल्ड्रिंकनेही शुगर वाढतेच म्हणे, मग साधंच प्यायलं तर काय बिघडलं?" बिघडतं, आणि पुष्कळ बिघडतं. ३०० मिली साध्या कोल्यात सुमारे ३२ ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा भरलेले चमचे आणि वर थोडी. डाएटच्या कॅनमध्ये ती नसते. तिच्या जागी कृत्रिम गोड द्रव्यं, म्हणजे स्वीटनर्स असतात : ॲस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट गोड, सुक्रालोज ६०० पट, त्यामुळे ही द्रव्यं मिलिग्रॅममध्येच लागतात. ॲस्पार्टेमचे लहान आतड्यातच तुकडे होतात आणि रक्तशर्करा हलेल इतकं त्यातून काही मिळत नाही. सुक्रालोज बहुतांशी न शोषलं जाता बाहेर पडतं. नुसतं डाएट पेय प्यायल्यावर पुढच्या दोन तासांत त्यातल्या गोडव्यामुळे शुगर चढत नाही, हे माझं मत नाही, शरीराचा हिशेब आहे.

आपल्याकडचा पुरावाही आहे. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने टाइप २ मधुमेहाच्या १७९ जणांवर १२ आठवडे प्रयोग केला, तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाच्या चहा-कॉफीतली साखर काढून सुक्रालोज दिलं. एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्तचाचणी) वाढला नाही, वजन आणि कंबर किंचित उतरली.

आगळ
असहमत. दोन तासांचा हिशेब बरोबर आहे, पण प्रश्न दोन तासांचा नाहीच.

इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटने २०२२ मध्ये एरवी स्वीटनर न घेणाऱ्या १२० निरोगी माणसांना दोन आठवडे वेगवेगळी स्वीटनर्स दिली, तीही रोजच्या मान्य मर्यादेच्या आत. सॅकरिन आणि सुक्रालोजच्या गटांत ग्लुकोज पचवण्याची क्षमता ढासळली, ॲस्पार्टेम आणि स्टीव्हियाच्या गटांत तसं दिसलं नाही. ज्यांच्यात फरक जास्त, त्यांचे आतड्यातले जिवाणू जंतुविरहित उंदरांत सोडले तर उंदरांतही तोच कल दिसला. न शोषलेलं सुक्रालोज जातं कुठे? मोठ्या आतड्यात, जिवाणूंच्या वस्तीत. ॲस्पार्टेम तिथवर पोचत नाही.

दुसरा प्रयोग येल विद्यापीठाचा, २०२० चा. दोन आठवड्यांत ३५५ मिलीची सात पेयं. नुसतं सुक्रालोज घेतलं, काही झालं नाही. नुसतं माल्टोडेक्स्ट्रिन (एक पिष्ट) घेतलं, काही झालं नाही. दोन्ही एकत्र घेतलं, तेव्हा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावला. आता आपल्याकडे पुडीचा, म्हणजे साखरेऐवजी स्वीटनरची पुडी घातलेला चहा कसा घेतात ते आठवा : सोबत दोन खारी, नाहीतर चार मारी. गोडवा आणि पिष्ट एकाच वेळी पोटात.

मोजपट्टी
@आगळ, येलच्या प्रयोगात एकूण ४५ माणसं होती, तीही तीन गटांत विभागलेली आणि सगळी निरोगी. त्यावरून मधुमेहींच्या चहाला दोषी धरणं घाईचं आहे. चेन्नईतली माणसं चहा-कॉफीबरोबर रोजचं जेवणही जेवत होती. तुमचं एकत्र घेण्याचं गणित तिथे लागू पडलं असतं, तर १२ आठवड्यांत एचबीए१सी चढायला हवा होता.

आगळ
मग तोच प्रयोग उलटा वाचा. चहातली साखर काढूनही एचबीए१सी उतरलाही नाही. साखर गेल्याचा फायदा गेला कुठे?

मोजपट्टी
प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं : चहातले दोन-तीन चमचे दिवसाच्या एकूण पिष्टात फार थोडे. भात, पोळी, पोहे, साबुदाणा यांची बेरीज दोनशे-अडीचशे ग्रॅमवर सहज जाते. पंधरा ग्रॅम वजा केल्याने तीन महिन्यांची सरासरी हलेलच असं नाही. रोज दोन बाटल्या कोला पिणाऱ्याचं मात्र चित्र वेगळं.

कोराचहा
तुम्ही दोघं द्रव्यावर भांडताय, पण लोक नुसतं द्रव्य घेत नाहीत, पुडी घेतात. एक ग्रॅमच्या पुडीत स्वीटनर नखाएवढं, बाकी बहुतेक सगळं डेक्स्ट्रोज, लॅक्टोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन. दिवसाला सहा पुड्या म्हणजे पाचेक ग्रॅम पिष्ट. फार नाही, पण शून्यही नाही. भुकटी टाळायची तर गोळी किंवा थेंब घ्यावेत. घटकांच्या यादीत नाव दिसलं नाही तर आकडे बघा : ९५० ॲसेसल्फेम पोटॅशियम, ९५१ ॲस्पार्टेम, ९५४ सॅकरिन, ९५५ सुक्रालोज, ९६० स्टीव्हिया. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी ९५१ पूर्ण टाळायचं.

ॲस्पार्टेमची पुडी उकळत्या चहात टाकू नका. उष्णतेने ते तुटतं, गोडी जाते, मग माणूस दुसरी पुडी टाकतो. कपात ओतल्यावर, पिण्याआधी घाला.

आणि १०० मिली दुधात साधारण ५ ग्रॅम लॅक्टोज असतं, ते कुणी मोजतच नाही. 'साखर घातलेली नाही' असं लिहिलेल्या आंब्याच्या पेयात तर फळाची साखर असतेच.

लिंबूपाणी
"मी प्यायलो आणि १४२ ची १५८ झाली" हा पुरावा नव्हे, हे इथे सांगायलाच हवं. ग्लुकोमीटरच्या मान्य निकषानुसार १०० च्या वरच्या आकड्याला १५ टक्क्यांची सूट आहे. पट्टीवर दिसणारी १५८ प्रत्यक्षात १४० असू शकते. शिवाय पहाटेपासून यकृत स्वतःच साखर सोडत असतं, त्यामुळे सकाळी काहीही न खाता आकडा चढतो आणि आळ पेयावर येतो.

तपासायचंच तर असं करा. हात साबणाने धुऊन कोरडे करा, फळाचा अंश बोटावर राहिला तर आकडा खोटा चढतो. एक दिवस ५० ग्रॅम कोरडे पोहे मोजून केलेला नाश्ता आणि ३०० मिली पाणी. दुसऱ्या दिवशी तोच नाश्ता आणि ३०० मिली डाएट पेय. आधी, मग तासाने आणि दोन तासांनी पट्टी. अशा किमान तीन जोड्या घ्या, आदल्या रात्रीचं जेवण आणि झोप सारखी ठेवा. कोला निवडलात तर त्यातलं कॅफीनही इन्सुलिनचं काम काही काळ मंदावतं, म्हणून बिनकॅफीनचं लिंबाच्या चवीचं पेय बरं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी या चाचणीसाठी नाश्ता लांबवू नये.

आगळ
@लिंबूपाणी, पद्धत पटली. पण दोन आठवड्यांनी जिवाणूंत होणारा बदल अशा सहा दिवसांत कळणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये वजन ताब्यात ठेवण्यासाठी स्वीटनर वापरू नका असं सांगितलंय.

मोजपट्टी
ते पूर्ण वाचा. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ती शिफारस लागू नाही, हे तिथेच स्पष्ट म्हटलंय, आणि शिफारसही सशर्त आहे. नुसत्या निरीक्षणावर आधारलेल्या अभ्यासांतली अडचण ही की वजन किंवा शुगर वाढलेलीच माणसं डाएट पेयांकडे वळतात. कारण कोणतं नि परिणाम कोणता, हे उलटंसुलटं होतं.

कोराचहा
एक गोष्ट या वादात राहू नये. शुगर ७० च्या खाली उतरली, हात थरथरू लागले, घाम फुटला, तर डाएट पेय आणि पुडी दोन्ही निरुपयोगी. तीन चमचे साखर पाण्यात, किंवा १५० मिली साधं कोल्ड्रिंक, आणि १५ मिनिटांनी पुन्हा पट्टी. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज ही मधुमेहाची औषधं चालू असतील तर साधी साखर हळू फुटते, तिथे ग्लुकोज पावडरच हवी. शुद्ध हरपली असेल तर तोंडाने काही देऊ नये, लगेच दवाखाना गाठावा. फ्रिजमध्ये नुसत्या डाएटच्या बाटल्या असतील तर ग्लुकोजचा डबा ओट्यावर समोर दिसेल असा ठेवा.

आगळ
याला पूर्ण अनुमोदन. बाकी मतभेद कायम : साध्या कोल्यापेक्षा डाएट बरं, हे मान्य, पण रोजचं पेय म्हणून नाही. उन्हाळ्यात मीठ न घातलेलं कोकमाचं आगळ एक मोठा चमचा, २०० मिली गार पाणी, जिरेपूड, चिमूटभर मीठ. आगळ आधीच खारवलेलं असेल तर वरचं मीठ नको. साखर नको, पुडीही नको. तयार सिरप मात्र घेऊ नका, त्यात निम्म्याहून जास्त साखरच असते.